फिकट प्रत

मराठीत 'सत्यप्रत' असा एक भारदस्त शब्द आहे. परंतु सत्य वाचताच येत नसेल, तर कचेरीच्या खिडकीत त्याला कवडीची किंमत नाही. यंदा एका न्यासाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयातले यंत्र नेमके असेच पुसट सत्य बाहेर टाकू लागले. यंत्र तसे बहुगुणी. झेरॉक्स काढते, संगणकावरचे छापते, स्कॅनही करते. एका विद्यार्थिनीचा अर्ज 'उत्पन्नाचा दाखला वाचता येत नाही' असा शेरा घेऊन परत आला. मुदत दोन दिवसांवर!

मग काय, जो तो वैद्य झाला. कुणी म्हणाले, नवे टोनर आणा. कुणी म्हणाले, यंत्रच मोडीत काढा. आमचे शिपाईमामा तेवढे शांत होते. म्हणाले, "सर, आधी संगणकावरनं एक पान छापून बघू या की!"

ह्या एका वाक्यात निम्मे निदान आहे. अशा यंत्राला एक डोळा असतो आणि एक हात. काचेखालचा डोळा मूळ कागद वाचतो. पोटातला हात तो लिहून काढतो. हाताची ही विद्या न्यूयॉर्कच्या चेस्टर कार्लसनची. पेटंटच्या कामात प्रती मिळवता मिळवता तो बेजार झाला होता. 22 ऑक्टोबर 1938 रोजी त्याने गंधक चढवलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विद्युत्भार आणला. उजेड पडला तिथला भार गेला, अक्षरांच्या जागी राहिला आणि तिथेच भुकटी चिकटली. आजच्या ड्रमवरही तत्त्व तेच.

संगणकावरचे पान डोळ्याला वगळून थेट हाताकडे जाते. तेही फिकट आले तर दोष हातात समजावा : टोनर सरत आले असेल, टोनर वाचवण्याची सोय चालू राहिली असेल किंवा ड्रम झिजला असेल. टोनर सरत आले असेल तर कार्ट्रिज आडवे धरून चारपाच वेळा हलकेच डावीउजवीकडे हलवावे. थोडी पाने निभावून जातात. पावसाळ्यात दमट कागदावरही भुकटी नीट उतरत नाही. पान काळेभोर आले तर मात्र हात निर्दोष. मग काच मऊ फडक्याने पुसावी, मूळ कागदच उडालेला नाही ना ते पाहावे आणि प्रतीचा गडदपणा किती ठेवला आहे तेही पाहावे.

आमचे पान ठसठशीत आले! कुणीतरी जुन्या पुस्तकाची प्रत काढताना पिवळट कागदाची छटा उतरू नये म्हणून गडदपणा अगदी तळाला नेला होता. तो तिथेच राहिला. मामांनी तो मधोमध आणला. दाखला लख्ख उमटला, दमडीचाही खर्च न होता, आणि अर्ज मुदतीत पोहोचला.

वाचकहो, तेव्हापासून उत्तरपत्रिका तपासताना मला ही परीक्षा आठवते. एखाद्या मुलाचे उत्तर फिकट दिसले की त्याने वाचलेच नाही, असे आपण चटकन ठरवतो. त्याला समोर बसवून तोंडी विचारावे. पुष्कळदा डोळ्याने सारे टिपलेले असते. हात तेवढा अडखळलेला असतो. तो सुधारता येतो.