विश्लेषण : गावाच्या पाण्याचा हिशेब गावानेच का मांडायचा?

शेततळी किती झाली, बंधारे किती बांधले, ठिबक किती हेक्टरवर बसले, हे आकडे शेतीविषयक प्रत्येक योजनेच्या अहवालात असतात. यंदा रब्बीत किती पेरायचे, या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात क्वचितच सापडते. मोजणी कोण करतो आणि आकडा आधी कोणाच्या हाती पडतो, यावर ते उत्तर अवलंबून असते. म्हणूनच 'सहभागी देखरेख आणि मूल्यमापन' हा कागदी वाटणारा विषय थेट शिवाराशी जोडलेला आहे.

सहभागी देखरेख म्हणजे काय?

योजनेचे यश कशावरून ठरवायचे, काय मोजायचे, कोणी मोजायचे आणि आकड्यांचा अर्थ कोणी लावायचा, या चारही गोष्टींत गावकऱ्यांचा वाटा असणे म्हणजे सहभागी देखरेख. नेहमीच्या पद्धतीत शेतकरी 'लाभार्थी' म्हणून प्रश्नावलीला उत्तरे देतो. अहवाल वर जातो आणि त्यातून काही निष्कर्ष निघेपर्यंत हंगाम उलटलेला असतो. ग्रामसभेत हात वर करून आराखडा मंजूर करणे हाही सहभागच. पण काम झाल्यावर त्याचे काय झाले, हे तपासण्याचा अधिकार गावाकडे नसेल तर तो अर्धाच राहतो.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात?

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १० हजार लिटर पाणी मिळते. म्हणजे १,००० हेक्टरच्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० लाख घनमीटर पाणी पडले. यातले बरेचसे बाष्प होऊन उडते, काही वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते आणि थोडे जमिनीत खोल मुरते. तलाव-बंधाऱ्यांत साठलेले आणि विहिरींतून मिळू शकणारे पाणी ही जमेची बाजू. माणसे, जनावरे आणि पिके यांची गरज ही खर्चाची बाजू. पावसाळा सरताना हा हिशेब मांडला, तर हरभरा किती आणि कांदा किती, हे पेरणीपूर्वीच ठरवता येते.

हे प्रत्यक्षात कुठे घडले?

तत्कालीन आंध्र प्रदेशात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्प राबवला गेला. तो सात दुष्काळप्रवण जिल्ह्यांत होता. त्यांपैकी महबूबनगर आणि नलगोंडा आता तेलंगणात आहेत. तिथे शेतकरी स्त्री-पुरुषांनी स्वतः पाऊस मोजला, निरीक्षण विहिरींत टेप सोडून पातळी नोंदवली आणि आकडे गावातल्या फलकावर लिहिले. रब्बीपूर्वी एकत्र बसून पिकांचा पाणीहिशेब मांडला. उपसा कमी करण्यासाठी बंदी नव्हती की अनुदान नव्हते. पीक कोणते घ्यायचे हा निर्णय ज्याचा त्याचा होता. प्रकल्पाचे यश किती आणि ते किती टिकले, याबद्दल अभ्यासकांत पुढे मतभेद झाले. पण शेतकऱ्याला भूजलाचे गणित कळत नाही, हा समज मात्र तिथे खोटा ठरला.

महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पिण्याचे पाणी आधी राखून उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. शेतीसाठी विंधन विहीर आणि ऊस-केळीसारखी पिके यांना गावानेच मनाई केली आहे. तिथे आकड्याला गावाच्या नियमाचे बळ आहे.

मग राज्यभरातल्या योजनांचे काय?

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही शिवारफेरी होती, गावाचा आराखडा होता. तरीही भूजल पातळी वाढवण्यात आणि गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात ९,६०० कोटींहून अधिक खर्चाचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात ठेवला. पाणी अडवले, की ते जास्त लागणाऱ्या पिकांकडे ओढा वाढतो. उपशाचा हिशेब नसेल, तर नवा बंधाराही जुन्या विहिरींना पुरत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली अटल भूजल योजना या धड्याच्या जवळ जाणारी होती. महाराष्ट्रासह सात राज्यांतील या ६,००० कोटींच्या योजनेत निम्मा वाटा जागतिक बँकेचा. भूजलाची माहिती जाहीर करणे, लोकांनी जलसुरक्षा आराखडे तयार करणे आणि पातळीची घसरण रोखणे अशा निकषांशी तिचा निधी जोडला गेला. ही सुधारणा महत्त्वाची आहे. पण आकडा निधी मिळवण्यासाठीच लागतो असे वाटू लागले, की तो गोड करण्याचा मोह होतो आणि निधी संपला की मोजणीही थांबते.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण 'गाव' या शब्दातच आहे. विहीर असलेला बागायतदार, कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर आणि हंडा घेऊन निघणारी बाई यांचे यशाचे निकष एक नसतात. समितीत फक्त विहीरवाले बसले, तर ताळेबंदही त्यांचाच होतो. दुसरी अडचण वेळेची. मोजणी म्हणजे काम. ते वर्षानुवर्षे फुकट करावे ही अपेक्षा बहुधा गरिबांकडूनच ठेवली जाते. तिसरी अडचण बाजाराची. हिशेब ज्वारी-हरभरा सांगत असला आणि खात्रीची खरेदी उसालाच असली, तर शेतकरी फलकाकडे पाहून न पाहिल्यासारखे करणारच.

काय करायला हवे?

आकडा आधी गावाच्या फलकावर लागावा आणि मग जिल्ह्याला जावा. मोजणाऱ्याला मानधन मिळावे आणि त्याची तरतूद प्रकल्पाऐवजी ग्रामपंचायतीच्या नियमित आराखड्यात असावी. ताळेबंदाची ग्रामसभा रब्बीच्या पेरणीपूर्वी व्हावी आणि तीत विहीर नसलेल्यांचे म्हणणे नोंदले जावे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला होता. शेतीच्या योजनांतही 'हे काम उपयोगाचे नाही' असे लिहून देण्याची मुभा गावाला असायला हवी, आणि तसे लिहिले म्हणून पुढचा हप्ता अडता कामा नये. गैरसोयीचा आकडा लिहिण्याची हिंमत गावाला देत नाही, त्या देखरेखीला सहभागी म्हणता येणार नाही.