इटली पाहायला गेलेल्यांनी इटलीत काय पाहिले?

१/ ‘ग्रँड टूर’ची ओळख बहुधा एका वाक्यात करून दिली जाते: सतराव्या-अठराव्या शतकांत श्रीमंत घरांतील तरुण, विशेषतः इंग्रज, शिक्षण पुरे करण्यासाठी इटलीला जात आणि तेथील संस्कृतीत न्हाऊन परतत. या वाक्याचा उत्तरार्ध मला मान्य नाही. आजचा धागा त्यासाठीच.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो रिचर्ड लॅसल्स या कॅथलिक धर्मगुरूच्या इटलीवरील प्रवासग्रंथात. ग्रंथ १६७० साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. वाट साधारण ठरलेली असे. डोव्हरहून कॅले, मग पॅरिस, पुढे आल्प्स. तेथे घोडागाडी सुटी करून खेचरांवर लादत आणि प्रवाशाला खुर्चीत बसवून हमाल घाट ओलांडत. मग तूरिन, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. कार्निव्हल साधला तर व्हेनिस. सोबत एक शिक्षक असे. त्याला इंग्रज लोक थट्टेने अस्वल खेळवणारा म्हणत. आपल्या भाषेत दरवेशी!

३/ ‘इटली’ नावाचे एक राज्य तेव्हा नव्हतेच; ते घोषित झाले १८६१ साली. त्या वर्षीसुद्धा प्रमाण इटालियन जाणणारे लोक अडीच ते दहा टक्के असावेत, असे भाषाभ्यासकांचे अंदाज आहेत. बाकीचे व्हेनेशियन, नेपोलितान, सिसिलियन अशा आपापल्या बोलींत जगत होते. पुस्तकी इटालियन शिकून आलेला पाहुणा रस्त्यावरच्या माणसाशी बोलणार तरी किती?

४/ पण बोलण्याची निकड त्याला होती का? जोसेफ ॲडिसनचे इटलीवरील पुस्तक (१७०५) पाहा. गाव आले की त्या गावाविषयी लॅटिन कवींनी काय लिहिले ते तो आठवतो आणि ताडून पाहतो. यातील बराच भाग घरी बसूनही लिहिता आला असता, अशा आशयाचा शेरा पुढे सॅम्युएल जॉन्सनने मारला. शेरा खोचक आहे, अन्यायकारक नाही.

५/ गटे तर फार मोठा माणूस. १७८६च्या सप्टेंबरमध्ये तो कोणालाही न सांगता कार्ल्सबादहून पहाटे निघाला आणि रोममध्ये नाव बदलून चित्रकार म्हणून राहिला. ऑक्टोबरमध्ये तो असिसीला पोचला. संत फ्रान्सिसचे हे गाव. तेथील महामंदिराच्या भिंतींवरील भित्तिचित्रे आज जग पाहायला जाते. गटे तिकडे पाठ फिरवून मिनर्व्हाच्या रोमन देवळाकडे गेला! शेकडो वर्षे जिवंत असलेली श्रद्धा त्याला नकोशी वाटली आणि प्राचीन स्तंभ हवेसे. (त्याने केलेले रोमच्या कार्निव्हलचे वर्णन मात्र बारकाईने वाचण्याजोगे आहे. तेथे त्याला माणसे दिसली.)

६/ पाहुण्यांना जे हवे ते पुरवणारा बाजार साहजिकच उभा राहिला. पोंपेओ बातोनी रोममध्ये इंग्रज उमरावांची व्यक्तिचित्रे काढी. पार्श्वभूमीला एखादा पुतळा किंवा भग्न वास्तू. बार्तोलोमेओ कावाचेप्पीच्या कारखान्यात भंगलेल्या मूर्तींना नवे हात, नवी नाके बसत. व्हेनिसच्या कानालेत्तोचे मुख्य ग्राहक इंग्रजच. ऑस्ट्रियन वारसायुद्धामुळे त्यांचे येणे रोडावले, तेव्हा १७४६ मध्ये तो स्वतःच लंडनला जाऊन राहिला. पोपच्या राज्याने प्राचीन वस्तूंच्या निर्यातीवर १८०२ आणि १८२० मध्ये कडक निर्बंध घातले खरे. पण तोवर चार्ल्स टाउनलीसारख्यांचे संग्रह लंडनला पोचले होते. टाउनलीचे पुतळे ब्रिटिश म्युझियमने १८०५ मध्ये विकत घेतले. ‘संस्कृतीचा अनुभव’ याचा अर्थ पुष्कळदा खरेदी असाच होता.

७/ हे सारे आपण आज मागे वळून म्हणत आहोत, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही, कारण इटालियनांनी ते तेव्हाच म्हटले होते. सॅम्युएल शार्प नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १७६६ साली इटलीवरील पत्रे छापली आणि तेथील समाजाला, विशेषतः विवाहित स्त्रीबरोबर वावरणाऱ्या मानकरी सोबत्याच्या प्रथेला, धारेवर धरले. मूळचा तूरिनचा, लंडनमध्ये स्थायिक झालेला जुझेप्पे बारेत्ती संतापला. १७६८ मध्ये त्याने इंग्रजीतच इटलीच्या चालीरीतींवर ग्रंथ लिहून उत्तर दिले. त्याचा सवाल साधा होता: ज्याला भाषा येत नाही, ज्याला कोणाच्या घरात प्रवेश नाही, तो एका समाजाच्या नीतीचा निवाडा कशाच्या बळावर करतो?

८/ बारेत्ती निःपक्षपाती नव्हता; स्वदेशाची वकिली करताना तो दोष झाकतोही. तरी मला तो शार्पहून अधिक मोलाचा वाटतो, कारण साधने कशी तपासावीत हे तो शिकवतो. शिवकालासाठी आपण जॉन फ्रायरचा १६९८ साली छापलेला प्रवासवृत्तान्त वाचतो. फ्रायरही वैद्यकीय पेशातलाच. त्याला कोणती भाषा येत होती, तो कोणाकडे उतरला, कोणाच्या सांगण्यावरून लिहितो आहे, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्याचे वाक्य पुरावा म्हणून पुढे करू नये. परकीयाने लिहिले म्हणून ते तटस्थ, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे.

९/ शार्प गप्प बसला नाही. त्याने प्रत्युत्तर दिले, आणि बारेत्तीने १७६९च्या दुसऱ्या आवृत्तीला त्यावर पुरवणी जोडली. त्याच वर्षी बारेत्तीवर लंडनमध्ये खुनाचा खटला चालला. साक्षीला जॉन्सन उभा होता आणि बारेत्ती निर्दोष सुटला. ती हकीकत पुढच्या धाग्यात.