तोंडात नळी

प्राध्यापकाला बोलण्याची सवय असते, असे म्हणणे म्हणजे माशाला पोहण्याची सवय असते, असे म्हणण्यासारखे आहे. वीस वर्षे मराठी शिकवीत आलो. पण व्याख्यान कॉलेजातच ठेवून घरी यावे, हे काही मला साधले नाही. घरच्या व्याख्यानांचे एकमेव हक्काचे श्रोते म्हणजे आमचे चिरंजीव.

मे महिन्यात त्याचा बारावीचा निकाल लागला. गुण अपेक्षेपेक्षा बरेच कमी. मी पाऊण तास बोललो. त्यानंतर आठवडाभर आमचा संवाद 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांवर चालला होता. शेवटी सौभाग्यवतीने परस्पर मालवणचा बेत ठरवला.

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली आणि माझे तोंडही सुटले. हे कुरटे बेट. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी इथे सिंधुदुर्गाचा पाया घातला. पायात शिसे ओतले. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. आत गेल्यावर राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर, खाऱ्या समुद्रातल्या गोड्या विहिरी दूधबाव, साखरबाव, दहीबाव, आणि २०२५ साली युनेस्कोच्या यादीत लागलेली वर्णी. काहीही सोडले नाही. चिरंजीव दहा पावले मागे राहून चालत होते.

किल्ला पाहून झाल्यावर होडीवाल्याने तटाबाहेरच्या उथळ पाण्यात नेले. अंगात फुगीर जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी.

"सर, नळी दातात घट्ट धरा, तोंडान श्वास घेवा. पोवळ्यांवर पाय ठेवू नकात. आणि बोलू नकात!"

सौ. इतकी हसली की होडी डुलली.

मला पोहता येत नाही. पाण्यात तोंड घातले मात्र, नाकाने श्वास घ्यायला गेलो आणि घाबरून हातपाय झाडू लागलो. तेवढ्यात कोणी तरी माझा हात धरला. चिरंजीव! त्याने एक बोट दाखवून सावकाश श्वास घेतला. मीही घेतला. मग त्याने खाली बोट दाखवले. काळ्या खडकांवर पोवळ्यांचे गुच्छ होते आणि त्यांतून पिवळसर, काळ्या पट्ट्यांचे मासे चालले होते. वीस मिनिटे तो दाखवीत होता, मी पाहत होतो. हात त्याने सोडला नाही.

परतताना त्याने आपणहून विचारले, "बाबा, हे खडक तेव्हाही होते?"

"होते. त्यांच्यामुळेच शत्रूची मोठी जहाजं तटाशी येऊ शकत नसत. सुरक्षित वाट इथल्या नावाड्यांनाच ठाऊक."

पुढची दहा वाक्ये जिभेवर तयार होती. कोण जाणे कसा, पण थांबलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला इंजिनिअरिंगला जायचंच नव्हतं, बाबा. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

सौ. समुद्राकडे पाहत होती. मी म्हणालो, "मग आता विचारतो. तुला काय करायचंय?"

धक्का येईपर्यंत तोच बोलत होता. नळी अजून तोंडातच आहे, असे समजून मी ऐकत होतो.