कानाला दडा बसलाय म्हणून थांबू नका

सकाळी उठावं तर एका कानाला दडा बसलेला, आत शिट्टी वाजतेय आणि अख्खं घर गरगर फिरतंय. असं झालं की आपल्याकडे निदान स्वयंपाकघरातच होतं: पित्त झालं असेल, काल जागरण झालं ना! मग लिंबू-सरबत, औषधाच्या दुकानातून चक्करेची गोळी, फार तर मानेचा मणका म्हणून गळ्यात पट्टा. दोन-चार दिवसांत उलट्या थांबतात, चक्कर ओसरते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. कान मात्र हातचा गेलेला असू शकतो. दुसरा कान चांगला असल्यामुळे ते कळतं कधी, तर फोन त्या बाजूला धरल्यावर.

अशी चक्कर मेंदूतून नव्हे, तर आतल्या कानातून येऊ शकते, हे पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 साली मांडलं. आपण अजून पित्तावरच अडून बसलोय! ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकाच हाडात शेजारी-शेजारी असतात. आतलं पाणी एकच, रक्त पुरवणारी बारीकशी धमनीही एकच. म्हणून एकाला दुखापत झाली की बरेचदा दुसऱ्यालाही झळ लागते. शंखातल्या ऐकणाऱ्या केसपेशी साधारण 15 हजार. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

72 तासांच्या आत एका कानाचं ऐकणं झपाट्याने कमी झालं, तर कानाच्या डॉक्टरांच्या लेखी ती तातडीची बाब असते. कारण बहुतेकदा सापडत नाही, पण उपचार आहे: स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून आत दिलेलं इंजेक्शन. ते जितकं लवकर तितकं बरं. दोन आठवडे उलटले की आशा बरीच कमी होते. काहींचं ऐकणं आपोआप परत येतं, हे खरं. पण ते कुणाचं येईल, हे आधी सांगता येत नाही, तेव्हा नशिबावर हवाला कशाला? मधुमेह असला, तरी ‘शुगर वाढेल’ म्हणून घरी बसू नका. इंजेक्शनचा मार्ग अशांसाठीही आहे.

दडा मळाचा की नसेचा, याचा अंदाज घरीही घेता येतो. तोंड मिटून ओंकारातला शेवटचा मकार लांबवा. आवाज बंद कानात मोठा घुमला, तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे सरकला, तर नसेची शंका धरा आणि निघा. डॉक्टर कंपन-काटा कपाळावर टेकवून हेच पाहतात. फॅमिली डॉक्टरांनो, तो काटा टेबलाच्या खणातून बाहेर काढा. चक्करेच्या प्रत्येक रुग्णाला ‘ऐकू नीट येतं का?’ एवढं विचाराच.

सगळी चक्कर अशी नसते. कूस बदलताना काही सेकंद घेरी येते आणि ऐकू नीट येतं, तेव्हा बहुधा कानातले कण जागेवरून सुटलेले असतात. डॉक्टर डोकं ठराविक पद्धतीने फिरवून ते जागी बसवतात. दडा, शिट्टी आणि तासन्‌तास चक्कर असे झटके पुन:पुन्हा येत असतील, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. तिथे पापड-लोणच्याचा मोह आवरावा लागतो. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसू लागली किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर कानाचा विचार बाजूला ठेवून थेट मोठं रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

एरवी, कान अचानक बंद झाला, मग चक्कर असो वा नसो, तेल घालू नका, सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि सुई टोचावी लागत नाही.