दोघांच्या मधली रेषा

रिकाम्या जमिनीवर एक माणूस उभा राहतो. वर कॅमेरा आहे, प्रोजेक्टर आहे, संगणकही चालू आहे. पण जमिनीवर काहीच उमटत नाही. दुसरा माणूस आत पाऊल टाकतो आणि दोघांच्या बरोबर मधोमध प्रकाशाची एक रेषा दिसू लागते. तिसरा आला की जमीन तिघांत वाटली जाते, चौथा आला की चौघांत. कोणी हलले की सगळ्यांच्या हद्दी हलतात. स्कॉट स्निबी या अमेरिकी कलावंताचे ‘बाउंडरी फंक्शन्स’ हे मांडणशिल्प १९९८ मध्ये ऑस्ट्रियातील आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवात प्रथम मांडले गेले. त्याला पाव शतक उलटले, तरी माणसांमधल्या अंतराबद्दल इतके नेमके बोलणारी कलाकृती आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

यामागचे गणित जुने आहे. जागेचा प्रत्येक बिंदू ज्याला सर्वांत जवळ, त्याच्या वाट्याला द्यायचा, एवढाच नियम. रशियन साम्राज्यातील गणितज्ञ जॉर्जी व्होरोनॉय यांनी १९०८ च्या सुमारास त्याची सर्वसाधारण मांडणी केली, म्हणून अशा आकृतीला त्यांचे नाव मिळाले. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी कोणत्या घरांना कोणता पंप चालत जायला जवळ पडतो याची हद्द नकाशावर आखली होती. विचार तोच. स्निबी यांनी पंपांच्या जागी माणसे उभी केली.

या नियमातून जे घडते ते जमिनीवर उतरल्याशिवाय नीट कळत नाही. रेषेवर पाय ठेवायला धावावे, तर ती पुढे सरकते. तुम्ही समोरच्याकडे एक फूट गेलात की ती अर्धा फूट त्याच्याकडे जाते. तो मागे हटला तर ती आणखी त्याच्याकडे सरकते. आपल्या वाट्याला किती जागा येते हे इतर कुठे उभे आहेत यावर ठरते, आणि बाकीचे सगळे निघून गेले तर रेषाच उरत नाही. ‘माझी जागा’ म्हणून जी काही आहे, ती दुसऱ्याच्या असण्यातूनच आखली जाते. शीर्षकही विचारपूर्वक घेतलेले आहे. थिओडोर काझिन्स्की याच्या मिशिगन विद्यापीठातील १९६७ च्या गणिताच्या प्रबंधाचे ते नाव. हाच काझिन्स्की पुढे मोंटानातील एका खोपटात एकटा राहून टपालाने बॉम्ब पाठवत राहिला आणि त्यात तीन माणसे मेली. माणसांपासून पूर्ण तुटलेल्या माणसाच्या प्रबंधाचे नाव, एकट्यासाठी चालतच नाही अशा कलाकृतीला दिलेले आहे.

माणसांमधले अंतर मोजण्याचा प्रयत्न त्याआधी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी केला होता. १९६६ च्या ‘द हिडन डायमेन्शन’ या पुस्तकात त्यांनी दीड फुटापर्यंत जिव्हाळ्याचे अंतर, चार फुटांपर्यंत वैयक्तिक, बारा फुटांपर्यंत सामाजिक आणि त्यापुढे सार्वजनिक, अशी विभागणी केली. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय लोकांचे आहेत, सगळ्या जगाचे नव्हेत, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दीड फूट म्हणजे आपल्याकडचा एक हात. आणि नको असलेल्या माणसापासून आपण ‘चार हात लांब’ राहतो, म्हणजे सहा फूट. करोनाच्या काळात किराणा दुकानांपुढे आखलेल्या गोलांमागे दोन गजांचा जो नियम होता, तोही सहा फुटांचाच. मराठीने हे माप कधीचेच वाक्प्रचारात बसवून ठेवले होते.

मुंबईच्या लोकलमध्ये मात्र ही मापे गळून पडतात. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात आणि त्यासाठी रेल्वेच्या परिभाषेत वेगळी संज्ञाही आहे. म्हणजे एकाच्या वाट्याला लांबी-रुंदीला वीतभराहून थोडी अधिक जागा. एरवी जिथे फक्त घरचे माणूस येते, तिथे अनोळखी माणसाचा खांदा येतो. तरीही तिघांच्या बाकावर ‘जरा सरकता का’ म्हणताच चौथ्याला जागा होते. ही जवळीक खरी आहे आणि या शहराला तिचा अभिमान वाटतो तो रास्तच. पण त्याच गर्दीत एखादी मुलगी पाठीवरची सॅक पोटाशी धरून, कोपर बाहेर काढून उभी असते. आपली रेषा तिला स्वतःच्या कोपराने आखावी लागते. चौथ्या सीटचे कौतुक करताना तिला विसरून चालणार नाही.

आम्हाला ‘बाउंडरी फंक्शन्स’मधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हीच, की तिथे रेषा नेहमी मध्यावर असते. समोरचा कोण, कोणत्या घरचा, बाई की पुरुष, हे त्या कॅमेऱ्याला ठाऊक नसते. आपल्या समाजातली रेषा अशी मध्यावर कधीच नव्हती. कोणी किती दूर उभे राहायचे, कोणाची सावली कोणावर पडू द्यायची नाही, हे एकाच बाजूने ठरवले आणि दुसऱ्या बाजूने शतकानुशतके सोसले. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये ठरावाने सर्वांना खुले केले होते. तरी तिथले पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. दूर राहणे ही सक्ती असू शकते, तशी जवळ येणे हीसुद्धा. दोन्हींत बिघडते ते एकच: अंतर ठरवण्यात दुसऱ्याला वाटा मिळत नाही.

मुलांना हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकवता येईल, पण पायांनी शिकलेले अधिक टिकते. एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर, एक संगणक आणि फिकट रंगाची मोकळी जमीन, एवढेच याला लागते. आपल्याकडच्या विज्ञान केंद्रांनी आणि कला महाविद्यालयांनी एकत्र येऊन या कल्पनेवरची एखादी जमीन उभारावी. तिथे शाळांच्या सहली न्याव्यात, मुलामुलींना त्या रेषांमागे मनसोक्त धावू द्यावे आणि निदान पहिली दहा मिनिटे कोणी त्यांना काही समजावून सांगू नये.