गळाची माशी आणि घरांतील चिंध्या

गळ टाकून बसणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असें आमचे पुष्कळ शेतकरी बंधु मानतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

अलोरें येथील वीजगृहांतून बाहेर पडलेलें कोयनेचें पाणी वाशिष्ठीस मिळतें, म्हणून ऐन वैशाखांतही त्या नदीस पाणी असतें. अशा नदीचे मासे हें गांवाचें पीकच होय. पण त्याची कापणी कशी चालते? मृगाच्या पावसांत अंडीं घालण्यास चढणारे मासे ओहोळांतच अडवून टोपल्या भरतात. उन्हाळीं डोहांत कोणी गेळफळ कुटून टाकतात, कोणी ब्लीचिंग पावडर. बोटाएवढें पिलूंही वांचत नाहीं. सुरुंग व विष यांनीं मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें. परंतु डोहावर पहारा कोण ठेवणार?

गळास एका वेळीं एकच मासा लागतो. गांडुळाऐवजीं बनावट माशी बांधली, तर तो ती बहुधा ओठांतच धरतो, गिळत नाहीं. म्हणून लहान मासा जिवंत सोडतां येतो.

ही माशी विकत आणण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांतील नदीरक्षक फ्रँक सॉयर यानें एका माशीस दोऱ्याऐवजीं तांब्याची बारीक तार वापरली, दुसरीस रफू करण्याची लोकर गुंडाळली. जळालेल्या पंपाची तार कोणाच्या पडवींत नसते? बारीक गरी पकडींत घट्ट धरावी, तारेचे वेढे द्यावे, वर फाटक्या स्वेटरची लोकर. माशी तरंगती हवी असल्यास तार नको, ती बुडविते. शिवणाच्या दोऱ्यानें कोंबड्याच्या मानेचें पीस गरीच्या नाक्याशीं गोल फिरवून बांधावें. गांठीवर नखें रंगविण्याच्या रंगाचा थेंब दिला कीं ती सुटत नाहीं. गोणपाटाचा तंतु, बिस्किटांच्या पुड्याची चकचकीत पट्टी, सर्व चालतें. महागडी चक्रीही नको. बांबूची लवचिक काठी व तिच्याएवढी दोरी पुरे.

हा साहेबी शौक, असें कोणी म्हणेल. 'द रॉड इन इंडिया' (१८७३) लिहिणारे एच. एस. टॉमस साहेबच होते खरे. पण ते मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी, आणि दक्षिण कानड्यांतील पिलांच्या संहाराविरुद्ध त्यांनीं सरकारकडे लेखणी झिजविली. मुलकी दप्तरांत जन्म घालविलेल्या आम्हांस याचें कौतुक वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

ग्रामसभांनीं मृगापासून श्रावणअखेर चढण अडविणें बंद करावें, आणि शाळेंतील मुलांस ही माशी बांधावयास शिकवावी. मात्र वीजगृहाचें पाणी सुटलें कीं नदी एकाएकीं चढते; मुलांस मधल्या खडकांवर बसूं देऊं नये. तुटलेली नायलॉनची दोरी घरीं आणावी. पाणवठ्यावर ती गुरांच्या पायांत अडकते.