राग आला की हिची तारीख आठवते?

बैठकीत एखाद्या कार्यकर्तीने निधीचा हिशेब मागितला, आवाज चढवला, की मागून कुजबुज येते, "तारीख जवळ आली वाटतं." सगळे हसतात आणि हिशेब राहून जातो.

पाळीच्या आधी आठवडा-दोन आठवडे काही जणींना चिडचिड, उदासी, थकवा येतो, हे खरे आहे. संप्रेरकांच्या चढउताराशी त्याचा संबंध आहे. मोजक्या स्त्रियांना त्रास फार तीव्र होतो. त्यावर उपचार आहेत. पण अंग दुखते म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

'कावळा शिवला' म्हणत बाईला कोपऱ्यात बसवणारी मनुवादी रीत आपण नाकारली. मग तिचा प्रश्न कोपऱ्यात बसवणे ही कुठली समता?

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, कामगार बायांना रजा, असे ठराव झाले. बाबासाहेबांनी तिथेच समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली.

तेव्हा मित्रांनो, तिला त्रास असेल तर आराम द्या, डॉक्टरकडे न्या. आणि त्रास असो वा नसो, आधी हिशेब द्या.

जय भीम!